नानांच्या विहिरीतला अजिंक्य जंतू

हसणार नाही असं आधी कबूल करा. तोंडदेखलं नको, नीट कबूल करा. कारण आता जे ऐकवणार आहे, त्यात मी असा काही तोंडावर आपटलोय की विचारू नका. आणि वाईट याचंच वाटतं, की आपटेपर्यंत मला वाटत होतं आपण उडतोय! घ्या, चहा घ्या आधी.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी जळगावच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचो. शिकवायचो म्हणजे हंगामी. उन्हाळ्यात नोकरी सुटायची, पावसाळ्यात पुन्हा लागली तर लागली. यातून बाहेर पडायचा रस्ता एकच होता, पीएच.डी. आणि ती करायला कुणीतरी जागा द्यायला हवी होती. माझ्यासारख्याला कोण देणार हो?

तर त्या वर्षी धुळ्याला एक चर्चासत्र झालं. पुण्याहून जोगळेकर मॅडम आल्या होत्या. बारीक चण, पांढरे केस, आवाज असा की मागच्या बाकावरचा झोपलेला माणूस सरळ व्हावा. त्या बोलल्या पॉलिमिक्सिनवर. नाव ऐकून दचकू नका, सोपं आहे. मातीतला एक जंतू दुसऱ्या जंतूंना मारायला प्रथिनाचा एक छोटासा तुकडा तयार करतो, तोच हा. जंतूच्या अंगावर चरबीचं पातळ आवरण असतं. हा तुकडा जातो, त्या चरबीला चिकटतो, आवरण फाडतो. आतलं सगळं बाहेर. खेळ खलास!

मॅडम म्हणाल्या, "डॉक्टर लोक याने रोग बरा करतात. आम्हाला रोगाशी कर्तव्य नाही. आम्ही याचा उपयोग किल्लीसारखा करतो. जंतूचं दार किलकिलं करायचं, आत रंग सोडायचा, काय बाहेर येतं ते बघायचं. एखाद्या द्रावणात जंतूंच्या आवरणाचा विषारी मळ राहिला असेल, तर याच्याकडून तो वेचून घ्यायचा."

आता मला लहानपणापासून एक खोड आहे. 'का' विचारल्याशिवाय घास घशाखाली उतरत नाही. भाषण संपल्यावर मी मॅडमना गाठलं. ते चरबीलाच का चिकटतं? कुठल्याही चरबीला चिकटतं का? माणसाच्या का नाही चिकटत? मॅडम जेवायला निघाल्या होत्या. मी जेवणाच्या रांगेत मागे. त्यांनी वरण घेतलं, मी प्रश्न विचारला. त्यांनी भात घेतला, मी प्रश्न विचारला. शेवटी ताट खाली ठेवून त्या म्हणाल्या, "तुम्ही स्वतःच का नाही करून बघत?"

आणि खरंच, पुण्याला गेल्यावर त्यांनी एक कुपी पाठवली. करंगळीएवढी. तळाशी चिमूटभर पांढरी पूड. सोबत एका नळीत पुण्याच्या प्रयोगशाळेतला सभ्य, नावाजलेला, पॉलिमिक्सिनने हमखास मरणारा एक जंतू. निरोप असा, की तुमच्याकडच्या पाण्यातले जंतू किती औषधाने मरतात ते तपासा. जानेवारीत मी भुसावळला येणार आहे, तेव्हा येऊन बघेन. काम नीटनेटकं असेल तर माझ्याकडे एक जागा आहे.

जागा आहे! मी त्या दिवशी दोनदा जेवलो.

आमचे विभागप्रमुख चौधरी सर. यावलकडचे, केळीवाले, दिलदार माणूस. त्यांनी कपाटाची किल्लीच माझ्या हातात दिली. "कर भो, तुले जे लागीन ते कर. जळगावचं नाव निघालं पाहिजे."

पहिला प्रयोग झकास झाला. पुण्याच्या जंतूला मांसरसात, म्हणजे जंतू वाढवायच्या सुपात, ओळीने नळ्यांमध्ये सोडलं. प्रत्येक नळीत औषध वेगळं, कमी-जास्त. दुसऱ्या दिवशी नळी गढूळ दिसली तर जंतू जिवंत, स्वच्छ दिसली तर मेला. आणि पहिली एखादी नळी सोडली तर सगळ्या स्वच्छ! एवढ्याशा औषधाने पुण्याचा जंतू गपगार. मी नळ्या उजेडात धरून नाचायचाच काय तो बाकी होतो.

मग आली भरीतपार्टी.

आता खानदेशात हिवाळा म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. शेतात पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा जाळ, त्यावर ती हिरवीगार, हातभर लांब वांगी, भाजून सोलून लाकडी बडगीत ठेचायची. मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे आणि तेल. तेलाचा हात आखडला तर ते भरीत नाहीच. चौधरी सरांनी आख्ख्या विभागाला तापीपल्याडच्या शेतात बोलावलं आणि कामं वाटून दिली. माझ्याकडे आलं तेल. घाण्यावरचं, शेंगदाण्याचं, ताजं.

मी कॉलेजातून थेट घाण्यावर गेलो. घाणेवाला म्हणाला, "डबा आना, सर."

डबा? डब्याचं माझ्या डोक्यातच नव्हतं!

कॉलेज जवळ होतं. परत गेलो, कपाट उघडलं, आणि समोर काय? दोन लिटरचा शंकूच्या आकाराचा काचेचा फ्लास्क. खालून रुंद, वर निमुळती मान. अंगावर मापाच्या रेघा. मला तर आनंदच झाला. डब्यात तेल किती आहे हे कळतं का? इथे बाहेरून दिसणार! घाणेवाल्याने ते भांडं उलटसुलट करून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तेल भरलं. मी वर कापसाचा बोळा लावला, प्रयोगशाळेत लावतात तसा. लूनावर पुढे पायांमध्ये फ्लास्क धरून मी तापी ओलांडली. रस्त्यावरचे लोक वाकून बघत होते, आणि मी त्यांच्याकडे बघून मान हलवत होतो.

भरीत काय झालं होतं, अहाहा! जाऊ द्या, आठवण काढली तर गोष्ट इथेच थांबेल.

फ्लास्क मी गरम पाण्याने दोनदा विसळला. काच आहे, लखलखली की स्वच्छ. बरोबर की नाही? मान अशी निमुळती की हात आत जात नाही, त्यामुळे घासायचा प्रश्नच नव्हता. परत येऊन कपाटात ठेवला. आणि नंतर महिनाभर पुरेल एवढा मांसरस त्याच फ्लास्कमध्ये शिजवून ठेवला. दुसरं एवढं मोठं भांडं आमच्याकडे नव्हतंच!

तुम्ही का हसताय? कबूल केलं होतंत ना?

आता विहीर. मी भाड्याने राहायचो नानांकडे. नाना मूळचे साक्रीकडचे, निवृत्त तलाठी, बोलायला अस्सल अहिराणी. त्यांच्या अंगणात विहीर. नळाला पाणी नसलं की सगळी गल्ली तिथे. नानांना त्या विहिरीचा एवढा अभिमान, की पाहुणा आला की चहाच्या आधी तिचं पाणी. मी त्याच विहिरीचं पाणी तपासायला घेतलं आणि त्यातून हिरवट रंग सोडणारा एक जंतू वेगळा केला. तसे हे जंतू कुठल्याही विहिरीत, नाल्यात सापडतात. त्याला नळ्यांमध्ये सोडलं, औषध घातलं, आणि सकाळी येऊन बघतो तो काय?

सगळ्या नळ्या गढूळ!

पहिलीपासून शेवटपर्यंत. पुण्याचा जंतू जेवढ्याने गुंडाळला होता, त्याच्या कितीतरी पट औषधात हा गडी मजेत पोहत होता. मी पुन्हा केलं. पुन्हा गढूळ. तिसऱ्यांदा केलं. गढूळ!

शंका आली नाही असं नाही. शास्त्रज्ञ आहे मी. म्हटलं, औषध शिळं झालं असेल. ताळा करून बघू. पुण्याच्या जंतूवर तेच औषध पुन्हा लावलं. तोही जिवंत!

आता कुठलाही शहाणा माणूस इथे काय म्हणेल? म्हणेल, औषधात नाहीतर सुपात गडबड आहे. मी काय म्हणालो? आता काय सांगू तुम्हाला... मी म्हणालो, पुण्याचा जंतू बिघडला! दोघांच्या नळ्या एकाच स्टँडमध्ये शेजारी शेजारी होत्या. आमच्या विहिरीतल्या जंतूने त्याला न मरण्याची विद्या शिकवली! त्या वेळी ते वारं होतंच. जंतू एकमेकांना गुण देतात, यावर नवनवं छापून यायचं. मला वाटलं, लागला शोध. नळीतून नळीत, कापसाच्या बोळ्यातून, हवेतून गुण देणारा जंतू. आणि तो कुठे, तर नानांच्या अंगणात!

मी धावत चौधरी सरांकडे गेलो.

"सर, हा मरत नाही!"

"कोन मरत नही?"

"जंतू! शिवाय दुसऱ्यालाही मरू देत नाही!"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "अरे भो, मग याले नाव देनं पडीन. जळगावचं नाव आलं पाहिजे बरं त्याच्यात."

झालं. संध्याकाळी कोपऱ्यावर रफिकभाईंकडे पँट घ्यायला गेलो. रफिकभाई शिंपी, आणि आमच्या चौकातल्या फळ्यावर रोजच्या बातम्या खडूने लिहायचं काम त्यांचंच. अक्षर छापल्यासारखं. मी सहज बोलून गेलो. सहज म्हणजे अर्धा तास. त्यांनी विचारलं, "सर, बोर्डवर टाकू?" मी म्हटलं, "नको नको." पण कसं म्हटलं असेन ते तुम्हीच ओळखा. सकाळी फळ्यावर ठळक अक्षरात होतं: 'आपल्या गल्लीत अजिंक्य जंतूचा शोध. नानांच्या विहिरीत वास्तव्य. पुण्याहून शास्त्रज्ञ येणार.'

मी तो फळा येता-जाता चार वेळा वाचला.

मग एक दिवस नानांनी हाक मारली. "सर, जरा बाहेर या."

बाहेर आलो. नाना विहिरीच्या कठड्याला टेकून उभे. बाजूला अक्का, त्यांची बायको, रिकामी कळशी घेऊन.

"मन्ही हिरनं पानी बंद पडनं," नाना म्हणाले.

"आटलं?"

"आटतं ते बरं व्हतं! पानी शे. लेनार कोनी नही. बठ्ठी गल्ली नळवर रांग लाईसन उभी शे."

अक्का म्हणाल्या, "काल व्याही उना. कळणानी भाकर आनि ठेचा खादा. पानीना तांब्या पुढे करा, तं म्हने, माले तहान नही! ठेचा खाईसन तहान नही?"

मला हसू आलं, पण नानांचा चेहरा बघून गिळलं. बिचारा माणूस खरंच कासावीस झाला होता. मला मनापासून वाईट वाटलं. तरी आतून गुदगुल्या होतच होत्या, खोटं कशाला बोलू?

"तुम्हना जंतू मरी कव्हळ?" नानांनी विचारलं.

"नाना, तो कधीच मरत नाही. तीच तर गंमत आहे! तो अजिंक्य आहे."

नाना कठड्यापासून बाजूला झाले. "मंग सर, तुम्ही दुसरी खोली देखा."

म्हणजे बघा, जंतू खरा निघाला तर माझी खोली जाणार, आणि खोटा निघाला तर पुण्याची जागा जाणार. मी मनात म्हटलं, जाऊ दे खोली. फक्त जंतू खरा निघू दे रे बाबा!

मॅडम आल्या. चौधरी सर कोट घालून हजर. नानाही आले. म्हणाले, माझी विहीर आहे, माझ्यासमोर निकाल लागला पाहिजे. मी सगळं सांगितलं. पुण्याचा जंतू आधी मरत होता, शेजारी ठेवल्यावर मरेनासा झाला, वगैरे. मॅडम शांतपणे ऐकत होत्या. 'विद्या शिकवली' म्हटलं तेव्हा त्यांची एक भुवई वर गेली, ती बराच वेळ खाली आलीच नाही.

"छान," त्या म्हणाल्या. "आता मी करते." आणि पिशवीतून स्वतःच्या नळ्या काढल्या, स्वतःचा मांसरस काढला. पुण्याहून बांधून आणला होता हो! मला तेव्हा वाटलं, काय ही हौस. घरून डबा आणल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे जमलो. मॅडमनी स्टँड बाहेर काढला. नानांच्या ओठांवर कसलातरी जप.

नळ्या स्वच्छ. विहिरीतला मेला, पुण्याचाही मेला.

"मरना!" नाना ओरडले. "सर, मरना तुम्हना जंतू!" आणि त्यांनी मला मिठी मारली. अहो, माझी जागा मेली होती आणि हा माणूस मला मिठी मारत होता!

मॅडम मात्र थांबल्या नाहीत. "मरणारच होता. पण मग तुमच्याकडे जगला कसा?" त्यांनी आदल्या दिवशी माझ्या मांसरसातही तेच औषध घालून काही नळ्या लावल्या होत्या. त्या बाहेर काढल्या. सगळ्या गढूळ. "म्हणजे औषध ठीक, जंतू ठीक. गडबड या सुपात आहे. कशात केलंत?"

मी फ्लास्क पुढे केला. तळाशी थोडं सूप उरलं होतं. मॅडमनी तो खिडकीशी धरला, तिरका केला. सुपाच्या कडेला एक बारीक तवंग, उन्हात सात रंगांचा. मॅडमनी बोळा काढला. नाक जवळ नेलं. एकदा वास घेतला. डोळे मिटून पुन्हा घेतला.

"शेंगदाणा?"

मी माझ्या चपलांकडे बघत होतो. आणि चौधरी सर अगदी मनापासून म्हणाले, "मॅडम, पन भरीत काय झालं होतं!"

पुढचं काय सांगायचं! सगळं सांगावं लागलं. घाणा, लूना, तापी, दोनदा विसळणं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली आणि समजावलं. घाण्यावरच्या कच्च्या तेलात नुसतं तेल नसतं, जंतूच्या आवरणात असते तशाच जातीची चिकट चरबीही थोडी असते. पॉलिमिक्सिन बिचारं नळीत उतरायचं आणि समोर जे पहिलं भेटेल त्याला मिठी मारायचं. भेटायचं माझं तेल! जंतूपर्यंत पोचायला शिल्लक राहायचंच नाही.

"तुमचा जंतू अजिंक्य नव्हता," मॅडम म्हणाल्या. "त्याने तुमच्या भरताच्या तेलाचं चिलखत घातलं होतं."

मी मान खाली घालून उभा. जागा गेली, हे लख्ख कळत होतं. पण खोड ती खोड हो! मरताना जाईल एखादे वेळेस. माझ्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, तूप घातलं असतं तर?"

चौधरी सरांनी कपाळाला हात लावला.

मॅडमनी माझ्याकडे रोखून बघितलं. "तुम्हाला काय वाटतं?"

"तुपात ती चिकट चरबी नसेल. कढवताना जाते ना ती, बेरीत बसते. म्हणजे जंतू मरायला पाहिजे. आणि अंड्याच्या बलकात ती भरपूर, तर जगायला पाहिजे."

"अंडं आणा," मॅडम म्हणाल्या.

विश्वास ठेवा, पुढचे दोन दिवस त्या बाई भुसावळचं काम पुढे ढकलून आमच्या त्या पत्र्याच्या प्रयोगशाळेत बसल्या. अक्कांनी घरचं साजूक तूप दिलं. कँटीनमधून अंडं आलं. घाण्यावरचं तेल आलं, या खेपेला डब्यात. दुकानातलं शुद्ध केलेलं तेल आलं. प्रत्येकाचा एकेक थेंब सुपात घोटायचा, मग औषध, मग जंतू. निकाल बघायला सकाळी नाना माझ्याही आधी कॉलेजच्या फाटकाशी उभे! तुपात जंतू मेला. शुद्ध तेलातही मेला. घाण्याच्या तेलात टिकला. आणि अंड्याच्या बलकात तर काय, लग्नघर! नाना एकेक नळी उजेडात धरून विचारत होते, "हाऊ मरना? हाऊ जगना?" त्यांना विहिरीचा विसरच पडला होता. रफिकभाईंनी फळ्यावर 'जंतू मेला, पाणी उत्तम' असं लिहून टाकलं होतं, तेवढ्यावर गल्ली परत आली.

जाताना स्टेशनवर मॅडम म्हणाल्या, "कुठली चरबी त्याला किती ओढते, हा प्रश्न तीन-चार वर्षं पुरेल. जूनमध्ये या पुण्याला."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "मॅडम, जागा... मला?"

"तुम्हाला. एका अटीवर."

"कुठलीही, मॅडम!"

अट पुण्याला गेल्यावर कळली. त्या प्रयोगशाळेत सगळ्यांना सगळी भांडी वापरायची मोकळीक होती. मला नव्हती. मला मॅडम सकाळी स्वतःच्या हाताने भांडी मोजून द्यायच्या, आणि संध्याकाळी परत घेताना प्रत्येक फ्लास्क नाकाशी धरून वास घ्यायच्या. सगळ्यांसमोर. परदेशी पाहुणे आले तरी. मी डॉक्टरेट मिळवेपर्यंत हे चाललं.

पुढे मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाच्या समारंभाला मोठमोठी माणसं आली होती. मी जळगावहून खास गेलो, बरोबर एक सुंदर काचेची फुलदाणी, रिबीन बांधलेली. व्यासपीठावर चढलो, वाकून नमस्कार केला, फुलदाणी त्यांच्या हातात दिली. मॅडमचे डोळे भरून आले. माझेही आले.

मॅडमनी फुलदाणी हातात घेतली, आणि आभार मानायच्या आधी तिच्यात नाक घातलं.